पौषातले तीन किलो

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता तनिमा गायेन आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातल्या काट्यावर चढली आणि काट्याने दाखवलेला आकडा तिला पटला नाही. ती उतरली, काटा शून्यावर येऊ दिला, पुन्हा चढली. आकडा तोच.

"त्रेसष्ट किलो साडेपाचशे," शेफालीदी म्हणाली. केंद्रातली ही नर्स वीस वर्षं गरोदर बायकांची वजनं घेत होती आणि काट्याइतकीच निर्विकार झाली होती. "गेल्या शनिवारी बासष्ट चारशे. आठवड्यात अकराशे पन्नास ग्रॅम. पौष लागला, घरोघरी गोड पिठे सुरू झाले. किती खाल्लेस?"

"दीड पाटीशापटा, गूळखोबऱ्याचा. अर्धा मंगळवारी, एक गुरुवारी."

"सगळ्याजणी दीडच खातात," शेफालीदीने म्हटलं आणि आकडा लिहून टाकला.

तनिमा खोटं बोलत नव्हती. चांदखालीच्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि पोटात काय गेलं ते तिला ग्रॅममध्ये सांगता आलं असतं. वजन घ्यायचं तर वेळ तीच, काटा तोच आणि अंगावरचे कपडे तेच, असा तिचा नियम होता. दर शनिवारी तीच सुती साडी, तेच कापूस भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट आणि त्यावर यंदाच्या दुर्गापूजेला घेतलेली तीच तपकिरी शाल. कपड्यांचं वजन दर वेळी सारखंच, म्हणजे वजाबाकीत ते आपोआप गळून पडतं. हे ती आठवीच्या मुलींना दरवर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवायची.

डॉक्टर हाजरांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला नाही. रक्तदाब ठीक, लघवीची तपासणी ठीक.

"आठव्या महिन्यात आठवड्याला साडेतीनशे, चारशे ग्रॅम, इथवर माझी हरकत नाही," ते म्हणाले. "खाण्याने वाढलं तर खाणं आवरता येतं. पण असं एकाएकी वाढलं की अंगात पाणी साठतंय का, अशी शंका येते, आणि ते बाळाला आणि तुला दोघांनाही बरं नाही. तुझ्यात तर तसं काही दिसत नाही. मग हे वजन आलं कुठून?"

हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा आणि उत्तर आपल्याकडे नसावं, हे तनिमाला फार लागलं. कारण वजनाच्या त्या तक्त्यावर तिचं एक काम अडलं होतं. तिची आई नदीपलीकडे, बेतबुनीला, नावेने दोन तासांवर एकटी होती. वडील भाद्रपदात गेले होते आणि आईचा हा एकटीचा पहिला हिवाळा. पौष संपला की तीन आठवडे आईकडे राहायचं आणि बाळंतपणाला इकडे परत यायचं, असं ठरलं होतं. पण बेतबुनीला डॉक्टर नव्हता. तक्ता सरळ राहिला तर डॉक्टरबाबू जायची चिठ्ठी देणार होते. नाहीतर आतापासून बाळंत होईपर्यंत केंद्रामागच्या प्रतीक्षाघरात मुक्काम, लोखंडी खाट आणि संध्याकाळी चार ते सहा भेटायची वेळ.

"अजून तीन शनिवार आहेत," डॉक्टर म्हणाले. "जेवणानंतर चालायचं सांगितलं होतं, ते चालू आहे ना?"

"आठवडाभर रोज दोनदा. तळ्याभोवती, वीस मिनिटं."

---

घरी सासूबाई, कमलिनी, आधी खूश झाल्या. "किलोच्या वर? बाळाने अंग धरलं म्हणायचं." मग डॉक्टरांची शंका ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पिशी सुपारी कातरत बसली होती. पिशी म्हणजे तनिमाच्या सासऱ्यांची विधवा बहीण. सासरे गेले, पण पिशी होती, आणि घरात शेवटचा शब्द तिचा असे. तिने अडकित्ता थांबवला.

"बौमा खाते चिमणीएवढं. तिचं वाढायचं काही कारण नाही," ती सुनेबद्दल म्हणाली. "मग वजन कुणाचं वाढतंय?"

तळ्याकडून गार वारा आला आणि मागचं दार अर्धवट उघडून तसंच राहिलं.

"पिशी, वजन माझंच वाढतंय," तनिमा म्हणाली. "काट्यावर मीच उभी होते."

"तू होतीस ते दिसलं. आणखी कोण होतं ते कसं दिसणार?"

खरं तर पाचव्या महिन्यातच पिशीने बजावलं होतं, तिन्हीसांजेला अंगावर लोखंड असू दे. पोटुशी बाई नुसत्या अंगाने तळ्याकाठी गेली की पलीकडच्या शेवड्याच्या झाडावरची ती मेलेली सवाष्ण तिच्या खांद्यावर येऊन बसते. तनिमाने तेव्हा मनगटावरचा नोआ, सवाष्णीचं कडं, दाखवला होता. "हा लग्नात सासूबाईंनीच घातला. लोखंडाचाच आहे." त्यावर पिशी म्हणाली होती, "तो नवऱ्याच्या आयुष्यासाठी. एक लोखंड किती जणांना पुरवणार?" तनिमाने हसून नको म्हटलं होतं. पिशीने पुन्हा विषय काढला नाही, सासूबाईंनीही काढला नाही, आणि आपलं म्हणणं पटलं असं तनिमाला वाटलं. एवढ्या सहजपणे पटलं याचं नवल तेव्हाच वाटायला हवं होतं.

---

दुसऱ्या आठवड्यात तिने जिभेला आवर घातला. सकाळी मुडी, म्हणजे कुरमुरे, भिजवलेले हरभरे आणि काकडी. दुपारी भाताची एकच वाटी, पालेभाजी दुप्पट, मासा पातळ रश्श्यातला. उपाशी राहायचं नाही, पण दोघांचंही जेवायचं नाही, हे डॉक्टरांचं वाक्य तिने कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. ते वाचून कमलिनी वाटी घेऊन आल्या.

"मा, हे पिठे आहेत."

"कुठे पिठे? दूध आहे. दूध प्यायला डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आणि दुधात पोहतंय ते?"

"ते बाळासाठी."

"बाळाने मागितलं?"

"तू मागू देशील तर मागेल ना ते," कमलिनी म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या. नव्या गुळाचा वास खोलीत तासभर घुटमळला. तनिमाने वाटी झाकली, शाल लपेटली आणि तळ्याकडे निघाली.

हिवाळ्यातला दिवस लवकर मावळतो. तळ्याच्या पाण्यावर धुकं धरायला लागलं होतं. तिने अर्धी फेरी मारली असेल, मागे आवाज आला. किण्. ती थांबली. आवाज थांबला. ती चालू लागली. किण्. चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आवाज दर डाव्या पावलाला येत होता. हातात सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या घातलेली बाई मागून, पावलाला पाऊल जुळवून चालत असावी, तसा. तिने वळून पाहिलं. वाट मोकळी होती. पाण्यावर एक तरंगही नव्हता.

तिने फेरी पुरी केली. मात्र वीस मिनिटांची ती फेरी त्या दिवशी अकरा मिनिटांत झाली, आणि तिने वहीत अकराच लिहिली.

"आवाज मी पण ऐकला," पिशी म्हणाली. ती मागच्या दारात उभी होती. "तुझ्या मागोमाग दारापर्यंत आला."

शनिवारी काटा चौसष्ट नऊशेवर थांबला.

"या आठवड्यात किती पाटीशापटा?" शेफालीदीने विचारलं.

"एकही नाही."

शेफालीदीने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "शाल काढून चढतेस का?"

"नको," तनिमा आणि तिच्यासोबत आलेल्या कमलिनी एकदम म्हणाल्या. तनिमा म्हणाली ती नियमासाठी; कपडे बदलले तर आधीच्या आकड्यांशी तुलना कशी करणार. कमलिनी का म्हणाल्या ते कुणी विचारलं नाही.

---

त्यानंतर घरातल्या वस्तू धड वागेनाशा झाल्या. शालीचा काठ खाली सोडला की आपोआप वळून तनिमाच्या कमरेला चिकटायचा. सोडवला की पुन्हा. वारा नसताना. एखाद्या लहान मुलाने पदर धरून ठेवावा तसा. एकदा ती पिशीशेजारी चटईवर बसली, तर पिशीचा अडकित्ता जागच्या जागी हळूच वळला आणि त्याचं टोक तनिमाकडे येऊन थांबलं. पिशीने तो परत फिरवून ठेवला. तो परत वळला. पिशीने मग सुपारी तोंडात न टाकताच खाली ठेवली, आणि हे त्या घराने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"निखिल, तुला काय वाटतं?" तनिमाने नवऱ्याला विचारलं. निखिलेशचं बाजारात रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. तारेतून जे जात नाही त्यावर त्याचा विश्वास नव्हता.

"मला काय वाटायचंय? या सगळ्या बायकी गोष्टी," तो म्हणाला आणि तिच्या जाकिटाकडे बघायचं टाळून चहा पिऊ लागला.

तिसऱ्या शनिवारी सहासष्ट किलो साडेसहाशे.

डॉक्टर हाजरांनी तक्ता उजेडात धरला. रक्तदाब, पाय, लघवी, सगळं पुन्हा तपासलं. सगळं पुन्हा ठीक. "मी पंचवीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "कारण सापडलं तर मी औषध देतो. कारण नाही सापडलं तर मी बाईला डोळ्यांसमोर ठेवतो. पुढचा शनिवार शेवटचा. तेव्हाही असंच असेल, तर कपडे घेऊनच ये, सरळ प्रतीक्षाघरात. आईला निरोप देऊन ठेव."

तनिमाने निरोप दिला नाही. आईने फोनवर विचारलं, "कधी येतेस? खोली सारवून ठेवलीय, मच्छरदाणी धुतलीय," तेव्हा ती एवढंच म्हणाली, "संक्रांत होऊ दे." त्या रात्री ती नीट जेवली नाही. ते पाहून कमलिनी आणि पिशी एकमेकींना चुकवून आपापल्या खोलीत गेल्या, आणि दोन्ही दारांना आतून कड्या लागल्या.

---

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी दुपारी तनिमा पलंगावर शाळेचं काम घेऊन बसली. प्रयोगशाळेतली बारा होकायंत्रं तिने तपासायला घरी आणली होती. काहींच्या सुया अडकत होत्या. तिने ती चादरीवर दोन ओळींत मांडली आणि पुढे वाकली.

बाराच्या बारा सुया थरथरल्या, फिरल्या आणि तिच्या पोटाकडे वळून थांबल्या.

ती उजवीकडे सरकली. सुया उजवीकडे आल्या. ती उठून पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली. बारा निळी टोकं, हातात दिवा धरून कुणीतरी शोधावं तशी, तिच्याबरोबर गोल फिरली. तिला भीती वाटली. भीती वाटतेय याची नोंद घेण्याइतकं भान राहिलं, पण त्याहून अधिक नाही. खिडकीबाहेर तळं होतं, तळ्यापलीकडे शेवडा होता आणि घरात कसलाही आवाज नव्हता. आपल्या खांद्यांवर काहीतरी जड आहे, हे तिला आता स्पष्ट जाणवत होतं. तसं ते महिनाभर जाणवत होतं, पण आठव्या महिन्यात बाईला स्वतःचे पायसुद्धा जड वाटतात. त्यात शाल जड वाटली, तर ती शालीला दोष देत नाही.

मग तिला आठवीचा धडा आठवला. होकायंत्राच्या सुईला भूत कळत नाही. तिला फक्त चुंबक कळतो आणि लोखंड कळतं.

तिने शाल काढली. जाकीट काढलं. दोन्ही खुर्चीवर ठेवली आणि ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. बारा सुया खुर्चीकडे बघत राहिल्या.

"निखिल," तिने हाक मारली. तो जेवायला घरी आला होता. "मा, पिशी. तिघंही या. येताना कात्री आणा."

जाकिटाच्या कमरेपाशी काळ्या पट्टीत गुंडाळलेले दोन गोल चुंबक निघाले, जुन्या लाउडस्पीकरचे.

"माझा विश्वास नाही," निखिलेश म्हणाला. "पण लोखंडच घालायचं तर ताकदीचं असावं, म्हणून."

पाठीच्या कापसात, फडक्यात शिवलेलं, विळीचं अर्धं पातं निघालं. आणि त्याखाली नांगराच्या फाळाचा तुकडा.

"म्हणून तर पाठ ताठ राहायची तुझी," पिशी म्हणाली. "शेफालीनं कौतुक केलं होतं की."

शालीच्या काठात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर लांबीचे नावेचे खिळे निघाले. कमलिनींनी ते मोजले, कारण त्यांनीच शिवले होते. बावीस. शाल हलली की ते एकमेकांवर वाजत, आणि डाव्या बाजूला जास्त सैल शिवले गेले होते.

"मी आधी चारच घातले होते," कमलिनी म्हणाल्या. "तू तळ्याभोवती चालायला लागलीस म्हणून. मग वजन वाढलं. म्हटलं, चार पुरेनात. म्हणून वाढवले."

"मी पण आधी फक्त विळी घातली," पिशी म्हणाली. "वजन वाढल्यावर फाळ."

निखिलेशने दोन बोटं वर केली. आधी एक चुंबक, मग दुसरा.

तनिमा खुर्चीवर बसली. "म्हणजे तुम्ही लोखंड घातलंत म्हणून वजन वाढलं. आणि वजन वाढलं म्हणून तुम्ही लोखंड घातलंत."

तिघांनी हे वाक्य आपापल्या मनात फिरवून पाहिलं.

"पण तुला झालं काही?" पिशीने शेवटी विचारलं. "साधी शिंकलीस तरी का? मग गुण आला नाही असं कसं म्हणतेस?"

तनिमा हसली, आणि तिचं बघून बाकीचेही हसले. ज्याने त्याने आपापलं लोखंड ओळखून बाजूला केलं. खिळे कमलिनींचे, पातं आणि फाळ पिशीचे, चुंबक निखिलेशचे.

चादरीवर एक वस्तू उरली. शालीच्या अगदी मधोमध, मानेवर येते त्या जागी, दुमडीच्या आत ती होती. एक लोखंडी कडं. तान्ह्या बाळाच्या मनगटात बसेल एवढं, पण जाड, हाताने घडवलेलं, काळं.

"हे तुमचं, पिशी?"

"माझं नाही. असलं मी पाहिलंसुद्धा नाही कधी."

"मा?"

कमलिनींनी मान हलवली. निखिलेश म्हणाला, "मला टाका घालता येत नाही, ठाऊक आहे तुला. मी पट्टी लावली."

तनिमाने ते जिथून निघालं ती जागा पाहिली. टाके इतके बारीक होते की मोजायला भिंग लागलं असतं. कमलिनींचे टाके सैल होते, पिशीचे तर नांगरटीसारखे. धागा एकेकाळी लाल असावा. तिने नखाने ओढला तर तो तुटला नाही, त्याचा भुगा झाला. शाल तीन महिन्यांपूर्वी, कोरी, वेष्टनातून काढली होती.

पिशी दोन पावलं मागे सरकली, आणि त्याचीच तनिमाला सगळ्यांत जास्त धास्ती वाटली.

"फेकून दे तळ्यात," निखिलेश म्हणाला.

"नको," तनिमा म्हणाली. "ज्याचा खुलासा होत नाही ते फेकायचं नसतं. जपून ठेवायचं असतं." हे ती शाळेत प्रयोगांबद्दल सांगायची. तिने कडं स्वयंपाकघरातल्या तराजूत तोललं, ते पन्नास ग्रॅम भरलं; मग सुईत नवा दोरा ओवला आणि कडं होतं त्या जागी परत शिवलं.

---

शनिवारी साडेनऊला, तीच साडी, तेच जाकीट, तीच शाल. काटा त्रेसष्ट किलो आठशेवर थांबला.

शेफालीदीने आकडा वाचला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर हाजरांनी स्वतः काट्यावर चढून तो तपासला. काट्यात बिघाड नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, तरी शेफालीदीने त्यांचं वजन मोठ्याने वाचून दाखवलं.

"आठवड्यात पावणेतीन किलोच्या वर उतरलं," ते म्हणाले. "हे चढण्यापेक्षा वाईट." त्यांनी प्रतीक्षाघराचा कागद पुढे ओढला.

"मा," तनिमा म्हणाली, "पिशवी."

कमलिनींनी पिशवी काट्यावर उपडी केली. बावीस खिळे, विळीचं पातं, फाळाचा तुकडा आणि दोन चुंबक. तीन किलो दोनशे. डॉक्टरांनी गेल्या शनिवारच्या आकड्यातून ढीग वजा केला, आणि त्रेसष्ट साडेचारशे उरले. आजचे आठशे. आठवड्यात साडेतीनशे ग्रॅम.

"पंचवीस वर्षांत माझ्या औषधाचा असा नेमका परिणाम मी पाहिला नाही," ते म्हणाले. "खाणं असंच ठेव. चालणं असंच. आईकडे जा." आणि त्यांनी चिठ्ठीवर सही केली. तनिमाने ती दोनदा वाचली आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. दुपारच्या नावेला अजून वेळ होता. आईला आता निरोप द्यायला हरकत नव्हती.

"थांब, तुझा तक्ता नीट करून देते, पलीकडच्या दाईला दाखवायला," शेफालीदी म्हणाली. तिने जुने आकडे खोडले, नवे भरले. "आज त्रेसष्ट आठशे."

"साडेसातशे लिहा," तनिमा म्हणाली. "पन्नास ग्रॅम माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

"ते अजून कळलं नाही."

शेफालीदीने वीस वर्षांत पुष्कळ ऐकलं होतं. तिने पुढे विचारलं नाही. मानेवर सरळ बसलेल्या शालीच्या दुमडीकडे एकदा पाहिलं, आठशेवर रेघ मारली आणि साडेसातशे लिहिले.

"आणि आधीचे आठवडे?" तिने विचारलं. "कधीपासून वजा करू?"

तनिमाने शालीच्या दुमडीवर बोट ठेवलं. मानेपाशी ते कडं गार नव्हतं, अंगाइतकंच ऊबदार होतं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.